घरातली पहिली पीएचडी : गाइडने काय काय करावं

गणेशखिंडीतून पाषाणकडे जाताना विद्यापीठातले जीवशास्त्राचे विभाग, एनसीसीएस (पेशीविज्ञान), एनसीएल (रसायनशास्त्र) आणि आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन) या संस्था एकामागून एक लागतात. आघारकर संशोधन संस्था आणि विषाणूंवर काम करणारी एनआयव्हीही तिथून फार लांब नाहीत. जीववैद्यकीय संशोधनात पीएचडी करायला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पुण्यात येणारी मुलं याच पट्ट्यात कुठेतरी पाच-सहा वर्षं काढतात. त्यांत धडगावची पावरा मुलगी असते, किनवटकडचा कोलाम मुलगा असतो, बीडच्या ऊसतोड कुटुंबातला बौद्ध मुलगा असतो, मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी असते. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास होऊन, मुलाखत देऊन, आपल्या बळावर आलेली ही मुलं. तरीही वाट अर्धी सोडण्याची वेळ त्यांच्यावर जास्त येते, हे मी माझ्या आजूबाजूला बघत आले आहे.

मी स्वतः गंगाखेडजवळच्या खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर. आता माझी लॅब आहे. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, जंतूंना कशा ओळखतात यावर आम्ही काम करतो. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या गाइडसाठी, आणि ज्यांच्या हाताखाली नवी मुलं खरं काम शिकतात त्या सीनियर विद्यार्थ्यांसाठी. माझं सगळं सांगणं एका गोष्टीवर उभं आहे. प्राध्यापकांच्या घरातल्या मुलाला जेवताना, मामाकडून, मोठ्या बहिणीकडून जे कानावर पडत गेलेलं असतं, ते या मुलांना कुणीच सांगितलेलं नसतं. ते आपण सांगायचं, लिहून द्यायचं, आणि लॅबमधल्या सगळ्यांना सारखं द्यायचं. एकट्या आदिवासी विद्यार्थ्याला बाजूला घेऊन केलेली मदत त्याला चारचौघांत उघडं पाडते. तीच मदत सगळ्यांसाठीचा नियम म्हणून आली की त्याला ती मान खाली न घालता घेता येते.

आधी पैशाचं बघा

विज्ञानाचं नंतर. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (पीएचडीची सुरुवातीची फेलोशिप) महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (तिची पुढची पायरी) झालं की ४२,००० रुपये, आणि हॉस्टेल नसेल तर वर घरभाडे भत्ता. आकडा ऐकून गावाकडे वाटतं, पोरगं मार्गी लागलं. पण पहिला हप्ता हातात पडेपर्यंत महिने जातात. रुजू झाल्याचा अहवाल, गाइडची सही, संस्थेचा शिक्का, आधारला जोडलेलं बँक खातं, मग पोर्टलवरची पडताळणी. काही फेलोशिपना त्यानंतरही संस्थेने दर महिन्याला पोर्टलवर खात्री नोंदवावी लागते. एका महिन्याची नोंद राहिली की पैसे थांबले.

या मधल्या काळात खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, विद्यापीठाची फी हे सगळं समोर उभं असतं. घरी मागायची सोय नसते. उलट घरचे आशेने याच्याकडे बघत असतात. मुलं हे बोलत नाहीत. दुपारचं जेवण टाळतात, ‘भूक नाही’ म्हणतात, संध्याकाळी शिकवण्या घेतात आणि सकाळी लॅबमध्ये डोळे चोळत येतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘याचं लक्ष नाही कामात.’

म्हणून पहिल्या आठवड्यातच विद्यार्थ्याबरोबर स्वतः फेलोशिप सेक्शनमध्ये जा. गाइड टेबलासमोर उभा असला की कागद लवकर हलतो. महिन्याच्या खात्रीची तारीख लॅबच्या कॅलेंडरवर सगळ्यांसाठी लावून ठेवा. नियमात बसत असेल तर फेलोशिप सुरू होईपर्यंत एखाद्या प्रकल्पावर तात्पुरती नेमणूक देता येते. संस्थेच्या लेखा विभागाला आधी विचारून घ्या, कारण एकाच काळात दोन ठिकाणचे पैसे घेतले तर पुढे वसुली निघते आणि ती विद्यार्थ्याच्याच डोक्यावर बसते.

आमच्या विभागात माजी विद्यार्थ्यांनी मिळून हातउसन्याचा एक निधी केला आहे. नवीन आलेल्या कुणालाही त्यातून पहिल्या काही महिन्यांच्या खर्चापुरती रक्कम मिळते, आणि फेलोशिप आली की तो हप्त्याहप्त्याने फेडतो. याची वही ऑफिसात असते, गाइडला ती दिसत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गाइडने खिशातून पैसे देऊ नयेत, कितीही मनापासून द्यावेसे वाटले तरी. ज्याचे पैसे अंगावर आहेत त्याला ‘मॅडम, तुमचं गृहीतक मला पटत नाही’ असं म्हणणं जड जातं, आणि तेवढं म्हणता आलं नाही तर तो शास्त्रज्ञ कसा होणार?

‘आधी भरा, मग बिल लावा’ ही पद्धतही बंद करा. परिषदेची नोंदणी, कोरडा बर्फ, ससून रुग्णालयातून नमुने आणायची रिक्षा, पोस्टरची छपाई हे खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून निघता कामा नयेत. चार-पाच हजार रुपये दोन महिने अडकून पडणं ही एखाद्याला किरकोळ बाब वाटते आणि दुसऱ्याच्या घरचा किराणा त्यात अडकतो. संस्थेकडून ॲडव्हान्स काढण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तो अर्ज गाइडच्या नावाने जाऊ द्या.

फेलोशिपची माहिती गाइडला तोंडपाठ हवी. सीएसआयआर, यूजीसी, डीबीटी आणि आयसीएमआर या केंद्रीय संस्थांच्या जेआरएफ सगळ्यांना माहीत असतात. त्याशिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी केंद्राच्या वेगवेगळ्या राष्ट्रीय फेलोशिप आहेत; जमातींसाठीच्या फेलोशिपच्या वर्षाला ७५० जागा असतात. राज्य सरकारच्या संस्थांत अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. बार्टी आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या दोन्ही पुण्यातच, क्वीन्स गार्डनला आहेत. विद्यार्थ्याने तिथे स्वतः जाऊन बसावं. जाहिरातीची वाट बघत मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजवर विसंबू नये. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअरची मुदत, अधिवास, उत्पन्नाचा दाखला यांची एक फाइल पहिल्याच महिन्यात करायला सांगा आणि त्यासाठी तालुक्याला जायची रजा न कुरकुरता द्या. तहसील कचेरीत एका फेरीत काम होत नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

ही कागदपत्रं ऑफिसात जातात. लॅबमध्ये त्यांची चर्चा नको. कोण कुठल्या प्रवर्गातून आला हे मी लॅबमध्ये कधीही उच्चारत नाही आणि कुणाला उच्चारू देत नाही.

हात बसू द्या

तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला एक मायक्रोपिपेट आणि भोवती वीस मुलं असं चित्र असतं. सर डेमो दाखवतात, मुलं जर्नल पूर्ण करतात. त्या मुलाने पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राचं) तत्त्व पानभर लिहिलेलं असतं, पण मशीनचं झाकण उघडलेलं नसतं. पुण्याच्या मोठ्या संस्थेतून आलेल्या मुलीने वर्षभराचा प्रकल्प केलेला असतो. पहिल्या दिवशी दोघांच्या हातात फरक दिसणारच. तो सरावाचा फरक आहे, आणि सराव देणं हे आपलं काम आहे.

माझ्या लॅबमध्ये नवा आलेला प्रत्येक जण, कुठूनही आलेला असो, रंगीत पाण्याने सुरुवात करतो. शंभर मायक्रोलिटर पाणी काढायचं, तराजूवर ठेवायचं, शंभर मिलिग्रॅम येतं का बघायचं. दहा वेळा काढायचं आणि आकडे वहीत लिहायचे. आकड्यांतली तफावत आपली आपल्याला दिसते, कुणी बोलावं लागत नाही. मग ९६ खाचांच्या प्लेटमध्ये रंगाची पायरीपायरीने विरळ होत जाणारी मालिका. हे झाल्यावरच खरी रसायनं.

पहिला प्रयोग असा निवडा की उत्तर येणारच. आमच्याकडे तो ठरलेला आहे: उंदराच्या रॉ २६४.७ या मॅक्रोफेज पेशी वाढवायच्या, त्यांना एलपीएस द्यायचं, काही तासांनी वरचं द्रव काढून एलायझा या चाचणीने टीएनएफ हे दाहाचा इशारा देणारं प्रथिन मोजायचं. एलपीएस म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला घटक. तो दिसला की या पेशी भरभरून टीएनएफ सोडतात. प्लेटमध्ये एका बाजूला गडद रंग, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही. या एका प्रयोगात पेशी वाढवणं, मोजणं, तुलनेसाठी कंट्रोल ठेवणं, प्रमाणित वक्र काढणं, आलेख करणं सगळं येतं. शिवाय पुढे सहा महिने एकही प्रयोग चालला नाही तरी ‘माझ्या हातून झालं होतं’ एवढं मनात राहतं, आणि ते लागतं. पहिल्या वर्षी कठीण, आजवर कुणाला न जमलेला प्रयोग नव्या मुलाच्या गळ्यात घालणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्या मनात आधीच ‘मी इथला आहे का’ हा प्रश्न आहे, तो प्रत्येक अपयश त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचतो.

आता तुटफुटीबद्दल. अँटिबॉडीची शंभर मायक्रोलिटरची कुपी तीस-चाळीस हजारांना येते. पेशी वाढवायला लागणाऱ्या सीरमची बाटली महाग असते. किमतीच्या यादीवर नजर गेली की ऊसतोडीच्या घरातला मुलगा ती रक्कम आईवडिलांच्या हंगामाच्या उचलीशी ताडून बघतो, आणि त्याचा हात थरथरतो. हातून काही सांडलं, बिघडलं तर तो लपवतो. त्यात लबाडी नसते. पैसे भरावे लागतील या भीतीने तो गप्प बसतो. बिघडलेली अँटिबॉडी लपून राहिली तर पुढचे चार प्रयोग वाया जातात आणि कारण कुणालाच कळत नाही. म्हणून लॅबच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर लिहा: काही सांडलं, तुटलं, बिघडलं तर त्याच दिवशी सांगा, पैसे कापले जाणार नाहीत, कुणी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नका. नव्या विद्यार्थ्याच्या शिकण्यात जाणारं सामान प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवा.

ती पुस्तिका म्हणजे माझ्या मते गाइडने करण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट. आमची मराठी-इंग्रजी मिश्र आहे. रजा कशी मागायची, सामान कसं मागवायचं, पेशींना बुरशी लागली तर आधी कुणाला सांगायचं, रविवारी यायची सक्ती आहे का (नाही), प्रयोगाच्या वहीत काय लिहायचं, ईमेलची सुरुवात कशी करायची, गाइडशी मतभेद झाला तर कुणाकडे जायचं, पेपरवर नाव कोणत्या कामाने लागतं आणि पहिलं नाव कुणाचं. शेवटचा मुद्दा तर नक्की लिहाच. लेखकांची नावं कशी ठरतात हे ज्याला माहीत नाही, तो वर्षभर दुसऱ्याच्या पेपरसाठी ब्लॉट (प्रथिनं तपासण्याची चाचणी) करत राहतो आणि शेवटी आभाराच्या ओळीत जातो.

आणखी एक बारीक, पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट. लॅबमधली अंगमेहनतीची कामं वेळापत्रकानुसार द्या: काच धुणं, ऑटोक्लेव्हमध्ये सामान निर्जंतुक करणं, द्रव नायट्रोजन भरून आणणं, प्राणिगृहात उंदरांचे पिंजरे, मेलेल्या उंदरांची विल्हेवाट. वेळापत्रक नसेल तर ही कामं हळूहळू कुणाकडे सरकतात हे बघा, आणि जे दिसेल त्याने अस्वस्थ व्हा. कुणाच्या पूर्वजांवर मेलेली जनावरं ओढण्याची सक्ती होती, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. आमच्या यादीत सगळ्यांची नावं आहेत, माझंही आहे, आणि माझी पाळी आली की मी ती करते.

भाषा

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पेशी, प्रथिनं, प्रतिकारशक्ती हे सगळं पक्कं समजलेलं असतं. इंग्रजीत प्रश्न आला की तो आधी मनात मराठीत उत्तर तयार करतो, मग इंग्रजी जुळवतो, आणि तोवर शेजारचा बोलून मोकळा होतो. जर्नल क्लबमध्ये (नवे पेपर मिळून वाचण्याच्या बैठकीत) हा गप्प राहिला म्हणजे याला कळत नाही, असा अर्थ काढला जातो.

मी काय करते ते सांगते. नवीन प्रश्नावरची पहिली चर्चा आम्ही दोघं मराठीत करतो, खडू-फळ्यावर. विचार पक्का झाला की तोच इंग्रजीत मांडायचा. लॅबमध्ये बंगाली, मल्याळी मुलंही आहेत, त्यामुळे लॅब मीटिंग इंग्रजीतच होते. पण तिथे कुणीही ‘एक मिनिट, मराठीत सांगतो’ असं म्हणू शकतं आणि दुसरा कुणी लगेच ते इंग्रजीत फिरवतो. बंगाली मुलगीही अडली तर तिच्या भाषेतला शब्द वापरते. पहिला जर्नल क्लब पूर्ण पेपरचा नसतो. एकच आकृती घ्यायची, ती कशासाठी केली, कंट्रोल कोणता, दिसतंय काय, एवढं दहा मिनिटांत सांगायचं. पुढच्या वेळी दोन आकृत्या.

लिहिणं पहिल्या महिन्यापासून. दर शुक्रवारी अर्धं पान: या आठवड्यात काय केलं आणि काय समजलं. आधी पद्धती आणि आकृत्यांखालचे मजकूर, कारण त्यांची भाषा ठरावीक असते. तपासताना सगळं लाल करून परत देऊ नका. एक परिच्छेद घ्या, शेजारी बसा, वाक्य का बदललं ते बोलून बदला. बाकीचं त्याला करू द्या. व्याकरण सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरला माझी ना नाही, विचार आणि आकडे स्वतःचे असले की झालं.

‘आणि’ला ‘आनि’, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्यावर पुण्यात अजून हसतात. लॅबमध्ये कुणी हसलं तर मी बोलणं तिथेच थांबवते, आणि जो बोलत होता त्याला म्हणते, ‘पुढे सांग.’

एकटं पडू देऊ नका

१९७०च्या दशकात अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात उरी ट्राइसमन नावाच्या गणिताच्या शिक्षकाने कॅल्क्युलसच्या वर्गातली मुलं जवळून पाहिली. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून अभ्यास करत, एकमेकांच्या चुका काढत. कृष्णवर्णीय मुलं मेहनत तेवढीच करत, पण एकेकटी. त्याने त्यांच्यासाठी गट सुरू केले आणि त्यांत नेहमीपेक्षा अवघड गणितं ठेवली. ‘कच्च्यांची शिकवणी’ असं स्वरूप त्याला दिलं नाही. मुलांचे निकाल सुधारले. १९८८ साली मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी इथल्या संस्थेत फ्रीमन राबोव्स्की यांनी मायरहॉफ शिष्यवृत्ती कार्यक्रम सुरू केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना विज्ञानातल्या पीएचडीपर्यंत न्यायचं हे उद्दिष्ट. तिथेही गटाने अभ्यास, पहिल्या वर्षाआधी उन्हाळ्यात एकत्र तयारी, आणि लवकरात लवकर खऱ्या लॅबमध्ये काम. कोविडच्या काळात मॉडर्नाच्या लसीमागच्या संशोधनात एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत आघाडीवर असलेली किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून आलेली.

अमेरिकेतला वंशाचा प्रश्न आणि आपला जातीचा प्रश्न सारखे नाहीत, हे मला मान्य आहे. पण ‘अवघड काम, एकत्र बसून’ हे सूत्र इथे चालतं, हे मी बघितलं आहे. आमच्या भागातल्या दोन-तीन संस्थांमधली पहिल्या वर्षाची मुलं शनिवारी दुपारी विद्यापीठात जमतात. कोर्सवर्कचे प्रश्न, एखादा अवघड पेपर, आकडेवारीतला एखादा मुद्दा. नाव ‘शनिवारचा गट’, एवढंच. त्यात मागास-पुढारलेले असे भाग नाहीत. प्राध्यापकांची मुलंही येतात, कारण पेपर खरोखर अवघड असतात. चहा-वडापाव विभागाच्या खर्चाने. हाच गट पुढे खोली शोधायला, आजारपणात दवाखान्यात न्यायला, प्रगती तपासणाऱ्या समितीच्या, म्हणजे आरएसीच्या, आदल्या रात्री सादरीकरण ऐकायला उपयोगी पडतो.

खोलीबद्दल. पाषाण, औंध, सांगवीत घर बघायला गेलं की काही घरमालक भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारतात, मग ‘खोली गेली’ म्हणतात. मुस्लिम विद्यार्थ्यांना तर हे सरळ तोंडावर सांगितलं जातं. विद्यार्थी हे गाइडला सांगत नाहीत, लाजेपोटी. लॅबमध्ये आधीच्या विद्यार्थ्यांनी ज्यांच्याकडे चांगले दिवस काढले अशा घरमालकांची यादी जपून ठेवा आणि नव्याला आल्याबरोबर द्या. हॉस्टेलसाठी गाइडचं पत्र लागत असेल तर ते त्याच दिवशी लिहा.

अपमान झाला तर

२००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांशी बोलून अहवाल दिला. हॉस्टेल, मेस, खेळ, शिक्षकांचं वागणं, परीक्षेतलं मूल्यमापन अशा रोजच्या जागी भेदभाव कसा होतो हे त्यात आलं आहे. वैद्यकीय आणि जीववैद्यकीय शिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

लॅबमध्ये हा भेदभाव बहुतेक वेळा एखाद्या वाक्यातून येतो. ‘तुझं काय, तुला फेलोशिप मिळणारच.’ ‘तुला बघून तू त्या जातीचा वाटत नाहीस हं.’ हे ऐकू आलं की त्याच क्षणी, त्याच खोलीत, थोडक्यात थांबवा. ‘असं इथे बोलायचं नाही’ एवढं पुरतं. भाषण नको, कारण भाषण सुरू झालं की सगळ्यांच्या नजरा त्या विद्यार्थ्यावर वळतात. नंतर बोलणाऱ्याशी एकट्याने बोला, आणि ज्याला ऐकावं लागलं त्यालाही एकट्याने भेटा. त्याला विचारा, पुढे काय व्हावं असं तुला वाटतं? तक्रार करायची का नाही हे त्याने ठरवायचं. संस्थेतला अनुसूचित जाती-जमाती कक्ष कुठे आहे, तिथे कोण बसतं, १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा काय म्हणतो हे सगळं पुस्तिकेत आधीच असू द्या, म्हणजे विचारायला लागत नाही. तक्रार गाइडविरुद्धही असू शकते. त्यासाठी गाइडच्या वर्तुळाबाहेरचं एक नाव पुस्तिकेत हवं. गाइड बदलायची वेळ आली तर ती वाट मानाने मोकळी करून द्या.

रजेत माणुसकी ठेवा. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिल, ९ ऑगस्टचा आदिवासी दिन, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. या दिवसांची रजा गणपतीच्या रजेइतकीच सहज मिळाली पाहिजे. ईदचंही तसंच.

घरचे

‘अजून किती शिकणार? नोकरी कधी?’ हा प्रश्न प्रत्येक फोनवर येतो. घरच्यांचंही बरोबर आहे, त्यांना पीएचडी म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नाही. आम्ही वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, पालकांना लॅबमध्ये बोलावतो. येण्याजाण्याचा खर्च त्याच माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून. मुलगा स्वतः आईला सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवतो, स्वतःच्या भाषेत समजावतो. भिली, कोलामी, वऱ्हाडी, काहीही. त्यानंतर फोनवरचे प्रश्न कमी होतात, आणि लग्नाची घाई असलेल्या मुलींना थोडा श्वास मिळतो. मुलींना हेही माहीत असावं की यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा मिळते आणि मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे.

फेलोशिपमधले पैसे घरी जातात, हे गृहीत धरा. भावाची फी, वडिलांचं ऑपरेशन, सोसायटीचं कर्ज. त्यावर सल्ले देऊ नका.

पुढच्या दारांची ओळख

आरएसी म्हणजे संशोधन सल्लागार समिती. तिच्यासमोर दर सत्राला प्रगती मांडायची असते. ती परीक्षा वाटते, म्हणून आधी सांगा की समितीच्या सदस्यांकडून काहीतरी मागायचं असतं: एखादं तंत्र, एखादी ओळख, एखादा सल्ला. प्रत्येक वेळी विद्यार्थ्याने तीन प्रश्न घेऊन आत जावं.

पाहुणे शास्त्रज्ञ आले की त्यांच्याबरोबर जेवायला विद्यार्थ्यांनाच बसवा आणि कोण बसणार ते आळीपाळीने ठरवा. नाहीतर जो सराईत इंग्रजी बोलतो तोच प्रत्येक वेळी शेजारी बसतो. पहिल्याच वर्षी पासपोर्टचा अर्ज करायला लावा. भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर पोलिस पडताळणी अडते, महिने जातात, आणि परिषदेची निवड झाल्यावर हे कळलं तर संधी हातची जाते.

शिफारसपत्र लिहिताना स्वतःचे शब्द तपासा. मी निवड समित्यांवर बसून पुष्कळ पत्रं वाचली आहेत. एका प्रकारच्या विद्यार्थ्याबद्दल ‘तल्लख, स्वतंत्र विचाराचा’ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्या प्रकारच्याबद्दल ‘मेहनती, नम्र, आज्ञाधारक’. दुसऱ्या पत्राने दार उघडत नाही. त्या मुलाने कोणता प्रश्न स्वतः उपस्थित केला, कोणता प्रयोग स्वतः रचला, कुठे तुम्हाला खोडून काढलं ते लिहा. पदवी मिळाली की प्रवास सोपा होतो असंही नाही. २०११ साली ‘सायन्स’मध्ये डोना गिंथर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, शिक्षण, अनुभव, प्रकाशनं यांचा हिशेब धरूनही कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांना एनआयएचचं अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्या शास्त्रज्ञांपेक्षा सुमारे १० टक्के-बिंदूंनी कमी निघाली. त्यामुळे गाइडचं काम व्हायव्हाच्या, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेच्या, दिवशी संपत नाही. पुढची काही वर्षं पत्रं, ओळखी, अर्जांचं वाचन चालू ठेवावं लागतं.

आता सहाव्या वर्षाबद्दल, कारण माझ्या माहितीतली सर्वांत जास्त मुलं तिथे गळाली आहेत. फेलोशिप पाच वर्षांची. नियमाप्रमाणे पीएचडीची साधारण मुदत सहा वर्षं. जीवशास्त्रात पेपर छापून येईपर्यंत, प्रबंध बांधेपर्यंत सहावं वर्ष लागतंच. ज्याच्या घरी सोय आहे तो वर्षभर बिनपगारी बसून प्रबंध पूर्ण करतो. ज्याच्या घरी सोय नाही तो हडपसरच्या लस कंपनीत किंवा हिंजवडीत नोकरी धरतो, रात्री लिहीन म्हणतो, आणि प्रबंध राहून जातो. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्याबरोबर बसून प्रबंधाची प्रकरणं कागदावर मांडा आणि जो प्रयोग प्रबंधाला लागत नाही तो तिथेच सोडून द्या, कितीही आवडता असला तरी. चौथ्या वर्षात पद्धती आणि पार्श्वभूमीची प्रकरणं लिहून संपवा. तुमच्या पुढच्या प्रकल्पाच्या अर्जात प्रोजेक्ट असोसिएटची (प्रकल्पावरच्या पगारी सहायकाची) एक जागा धरा, पीएचडीला नोंदणी असलेल्या विद्यार्थ्याला ती देता येते का हे संस्थेत आधी विचारून घ्या, आणि पाचव्या वर्षाच्या पहिल्या आरएसीत ‘फेलोशिप अमुक महिन्यात संपते, त्यानंतरची तरतूद अशी’ हे वाक्य इतिवृत्तात लिहून घ्या.